मास्तरांचा स्टँडअप

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या, पण यातलं एक अक्षर पदरचं नाही. आणि ही रात्रीची गोष्टही नाही. चांगली लख्ख सकाळ होती. मी माझ्या भाड्याच्या खोलीत, खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसले होते.

मी टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधायच्या आणि वर त्यांचे टोमणे खायचे, हे माझं काम.

आमच्या टीमचा रोज सकाळी स्टँडअप व्हायचा. छोटी ऑनलाइन मीटिंग. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, आणि ब्लॉकर काय, म्हणजे गाडी कुठे अडलीय. ही मीटिंग मास्तरांनी लावलेली. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. मला चिडवायला 'बाई' म्हणायचे.

मास्तर वारले.

मग कंपनीने एकेकाला नारळ दिला. टीममध्ये उरले मी एकटी.

मीटिंग मात्र कॅलेंडरवर तशीच राहिली. गेलेल्या माणसाची मीटिंग रद्द करायचं कुणाला सुचतं?

आणि मी रोज ती जॉइन करायचे. हसू नका. रिकाम्या स्क्रीनला माझे तीन मुद्दे सांगायचे. दिवसभरात तेवढंच काय ते माझं बोलणं व्हायचं.

शेवटी आईने हट्टच धरला. "पुरे झालं आता. घरी ये, इथे दुसरी नोकरी बघ."

मी राजीनामा पाठवला.

शेवटच्या दिवशीही सवयीने स्टँडअपला बसले.

"काल लॉगिनचा बग तपासला. आज सामान आवरणार. ब्लॉकर काही नाही. उद्यापासून मी नाही."

स्क्रीनवर दुसरा चौकोन उघडला...

काळा. नाव नाही.

आधी नुसती खुर्ची कुरकुरली... मग कोणीतरी घसा खाकरला.

बोलण्याआधी मास्तर अगदी तसेच खाकरायचे.



"काल... इथेच होतो," आवाज म्हणाला. "आज... इथेच."

पुन्हा खुर्ची कुरकुरली.

"ब्लॉकर... उद्या तुम्ही नसणार, बाई."

चौकोन मिटला.

खरं तर मी तिथून पळायला हवं होतं. पण मला रडू आलं. माझ्यावाचून कुणाचं तरी अडत होतं.

दुपारी साहेबांना फोन करून राजीनामा मागे घेतला.

दुसऱ्या सकाळी लॉगिन केलं. मुद्दे सांगितले. थांबले.

कोणी आलं नाही.

त्यानंतर कधीच नाही.

मी मात्र रोज बसते. बोलून झालं की मीटिंग बंद करते... आणि थोड्या वेळाने बघते, तर मी अजून मीटिंगमध्येच असते.

काल आईचा फोन आला. मी तिला सगळं सांगत होते, अगदी पहिल्यापासून. ती नुसतं "हॅलो, हॅलो" करत राहिली.

मग बाबांना म्हणाली, "उचललाय तिने. पण पलीकडे कोणी बोलतच नाहीये."