उमजदार

बार्शीच्या आरोग्यकेंद्रात साठीपुढच्या माणसाला आता कोणी "कळलं का?" असं विचारत नाही. विचारून उपयोग नसतो, सगळेच मान डोलावतात. कपाळाला उमजपट्टी लावली की काम भागतं.

पट्टीमागची कल्पना साधी आहे. नुसता पाठ केलेला शब्द ऐकला, तर मेंदूतला भाषेचा कोपरा तेवढा जागा होतो. अर्थ उमजला असेल, तर आठवण, अनुभव आणि पुढे काय होईल याचा अंदाज सांभाळणारे भागही एका ठरावीक क्रमाने जागे होतात. पट्टी तो क्रम ओळखते आणि हिरवी होते, नाहीतर लाल राहते. ताजी उमज फिकट हिरवी दिसते, जुनी मुरलेली गडद. सरकारने यावर नियम बांधला. ज्याला स्वतःचा जुनाट आजार उमजला, त्याने स्वतःला सांभाळावं. ज्याला नाही, त्याच्या घरी रोज सोबतीण, म्हणजे शिकलेली परिचारिका, येईल.

अनसूया ढोणे यांना ती सोबतीण हवी होती. नवऱ्याचं, विश्वंभररावांचं, हृदय अकरा वर्षं अधू होतं. त्याच्या सात गोळ्या, मोजून द्यायचं पाणी, रोज सकाळचं वजन, सगळं त्याच बघत. त्यांची स्वतःची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती, ते मात्र कोणी बघत नव्हतं. गेल्या महिन्यात त्या चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडल्या, तेव्हा विश्वंभररावांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं होतं, "चहा ठेवलास का गं?"

"काका, ही गोळी कशासाठी?" आरोग्यकेंद्रात विश्वंभररावांच्या कपाळाला पट्टी लावून डॉ. नाझनीन मुजावरांनी विचारलं.

"अंगातलं पाणी उतरायला. सकाळची ती," अनसूयाबाई म्हणाल्या.

"काकू, तुम्ही नका सांगू. त्यांना विचारतेय मी."

"त्यांना नाही सांगता यायचं. अकरा वर्षांत एका गोळीचं नाव माहीत नाही."

"मला काय कळतंय त्यातलं," विश्वंभरराव म्हणाले. हे वाक्य ते लग्न झाल्यापासून म्हणत आले होते.

"तुम्ही बोअरचे पंप दुरुस्त करायचात ना? हृदयही पंपच. तो थकला, की पाणी मागे तुंबतं. आता दोन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, तर काय समजायचं?"

"हिला विचारा."

डॉक्टर मात्र पट्टीकडे बघत होत्या. "काकू, यांची पट्टी पहिल्या प्रश्नापासून हिरवी आहे. आणि गडद. यांना हे सगळं फार जुनं माहीत आहे."

अनसूयाबाई नवऱ्याकडे वळल्या.

"म्हणजे तुम्हाला कळत होतं?" त्यांचा आवाज चढला. "लोणच्याची बरणी लपवली म्हणून ताट ढकललंत, तेव्हा कळत होतं? माझी बहीण शेवटच्या दुखण्यात हाका मारत होती. तुमची गोळी चुकेल म्हणून मी गेले नाही! अहो, माणूस आहात की कोण आहात?"

"तू करत होतीस ना? मग मी कशाला मध्ये पडू?" विश्वंभरराव म्हणाले. "आणि चारचौघांत ओरडू नकोस."

डॉक्टरांना वाईट वाटलं. त्यांनी दुसरी पट्टी अनसूयाबाईंच्या कपाळाला लावली आणि त्यांचा आजार समजावून सांगू लागल्या. मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी. तुमची गाळणी फाटत चालली आहे. गुडघ्यासाठी दुकानातून आणता ती दुखण्यावरची गोळी तिला आणखी फाडते, ती पूर्ण बंद. डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. रागामुळे अनसूयाबाईंच्या डोक्यात एक अक्षर शिरलं नाही. पट्टी लालच राहिली.

"लाल आहे ना? मग माझ्यासाठी तरी सोबतीण द्या."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "घरात स्वतःचा आजार उमजलेल्या दुसऱ्या कोणाला तुमचाही आजार उमजला असेल, तर सोबतीण मिळत नाही. तो माणूस तुमचा उमजदार होतो. त्याने तुम्हाला सांभाळायचं. मी सांगत होते, तेव्हा काकांची पट्टी पुन्हा हिरवी झाली."

"मला एकटीला मरू द्या, पण यांच्या हाती नका देऊ!"

"काकू, नियम पट्टी बघतो, माणूस बघत नाही."

पथ्यांचा कागद विश्वंभररावांच्या हातात गेला. त्यांनी तो घडी करून खिशात घातला. उमजदाराने पहिले आठ दिवस पट्टी काढायची नसते, म्हणून ती कपाळावर तशीच राहिली. दोघं घरी आले.

संध्याकाळी अनसूयाबाईंचे गुडघे ठणकू लागले. त्यांनी फळीवरचा डबा काढला आणि नेहमीची गोळी हातावर घेतली. डॉक्टर कुठल्याशा गोळीबद्दल काहीतरी म्हणाल्या होत्या, एवढंच त्यांना आठवत होतं. नाइलाजाने त्या बाहेरच्या खोलीत आल्या.

"अहो, ही चालेल ना मला?"

विश्वंभररावांनी गोळीकडे पाहिलं. दवाखान्यातला अपमान त्यांच्या मनातून गेला नव्हता.

"मला काय कळतंय त्यातलं," ते म्हणाले आणि तोंड फिरवलं.

त्यांच्या कपाळावरची पट्टी हिरवी झाली. अनसूयाबाई गोळी हातात धरून त्या पट्टीकडे बघत राहिल्या. त्यांना कळतंय, एवढंच पट्टी सांगत होती. काय कळतंय, ते सांगणं तिच्या कामात बसत नव्हतं.