शिवलेला डावा खिसा

सरका जवळ. आणि मधे कुणी खाकरायचं नाही, सांगून ठेवते. का, ते कळेल.

माझे धाकटे दीर गिटारचे जुने अँप दुरुस्त करायचे. अँप म्हणजे आवाज मोठा करायची पेटी. आत काचेच्या नळ्या, बल्बासारख्या पेटतात. मी चौथी नापास, पण एवढं कळतं. आत करंट असा, की माणूस आडवाच! म्हणून त्यांच्या मिस्त्रींनी शिकवलेलं, पेटीत एकच हात घालायचा, उजवा. डावा पँटच्या खिशात. दोन्ही हात आत गेले की करंट छातीतून जातो. आणि शिकवणारे मिस्त्री स्वतःच तसे गेले. त्याच दुकानात, त्याच टेबलावर.

भावजींना सवय इतकी, की जेवतानाही डावा हात खिशात! मला सुचला चावटपणा. पँट वाळत होती, दिला डावा खिसा शिवून. लाल दोरा, नऊ टाके. म्हटलं, बसा चाचपडत.

दोन वर्षं झाली. एकोणीस नोव्हेंबर, मंगळवार. एका गिटारवाल्याला सकाळी पेटी द्यायची होती, म्हणून भावजी जेवण आटपून, तीच पँट चढवून परत दुकानात गेले. मी घरात एकटीच हसतेय. आता येतील शिव्या घालत.

आले साडेदहाला. शिव्या नाहीत. तोंड पांढरंफटक. पाणी मागितलं, प्यायले नाहीत.

"वहिनी, मिस्त्री आले होते."

"कुठले? प्लास्टरवाले?"

हसले नाहीत.

"दहाला लाईट गेली. म्हटलं, आता कसली भीती? टॉर्च तोंडात धरला. दोन्ही हातांनी सैल वायर पटकन आवळून टाकू. डावा हात खिशातून काढायला गेलो..."

"मग?"

"निघेना."

मी त्यांच्या डाव्या खिशाकडे बघितलं.

"कुणीतरी धरला होता. आतून. गार बोटं. मी ओढतोय... सोडत नाहीत. लाईट नाही, वहिनी. तरी नळ्या लाल व्हायला लागल्या. एक. मग दुसरी. आणि स्पीकरमधून... कुणीतरी खाकरलं. आमचं चुकलं की मिस्त्री खाकरायचे ना... तसं."

मी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"तेवढ्यात लाईट आली. बटण बंद करायचं मी विसरलो होतो. उजवा हात आतच होता. डावाही असता तर..."



"भावजी, हात खिशातच होता ना? नक्की?"

"मग कुठे असणार?"

ते झोपले. मी पँट दिव्याखाली धरली. डाव्या खिशात बोट घालून बघितलं. नखसुद्धा जाईना.

लाल दोरा. मोजले. नऊ. एकही टाका सैल नाही.

त्यांना अजून सांगितलेलं नाही. पँट माझ्या ट्रंकेत आहे, टाके तसेच.

कात्री त्या फळीवर आहे. जा... कुणाला उसवायचाय?