पांढऱ्या ठोकळ्यावरची ठिणगी

सातव्यांदा इंजिन बंद पडलं तेव्हा आबा खुर्चीत टेकले. माझ्यातही त्राण नव्हतं. आई चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरच्या खाणीत अडकली होती. तिच्याकडे दोन दिवसांची हवा उरली होती आणि हवेच्या टाक्या नेणाऱ्या, चालकाविना उडणाऱ्या 'टिटवी' यानाला आमच्या अवकाशतळावरून तिथे पोहोचायला दीड दिवस लागतो. यानाच्या इंजिनाला वीस हजार व्होल्ट लागतात. बारा हजारावरच ठिणगी पडायची आणि सगळं ठप्प.

"आबा, बाहेर निर्वात (हवा अजिबात नसलेली जागा) आहे. मग ठिणगी जाते कशातून?" मी वैतागून विचारलं.

"ती ह्याच्या अंगावरून जाते, शाल्मली." त्यांनी पडद्यावर इंजिनातल्या दोन पत्र्यांमधला पांढरा ठोकळा दाखवला. तो चिनीमातीचा विद्युतरोधक (वीज वाहू न देणारा पदार्थ) होता. "पत्रा ठोकळ्याला जिथे टेकतो, त्या कडेवरून इलेक्ट्रॉन (विजेचे अतिसूक्ष्म कण) सुटतात. ते ठोकळ्यावर आपटून आणखी इलेक्ट्रॉन उडवतात. बोरीला एक दगड मारला की चार बोरं पडतात ना, तसं."

मी जन्मात बोरीचं झाड पाहिलेलं नाही. आबांच्या ते कधी लक्षातच राहत नाही.

"इलेक्ट्रॉन उडाले की ठोकळ्यावर धन प्रभार उरतो. तो पुढच्यांना परत ठोकळ्याकडेच ओढतो. असे आपटत आपटत ते दुसऱ्या पत्र्यापर्यंत जातात. त्या माऱ्याने ठोकळ्याला चिकटलेली वाफ, तेल, मळ यांचा वायू सुटतो आणि वीज त्यातून धावते. नुसतं बोट लागलं तरी पुरे. पण मी तर हातमोजे घालूनच..."

गेल्या आठवड्यात खंडेनवमी होती आणि ठोकळा दुरुस्तीसाठी आत आणलेला होता. आबांनी पक्कड-पान्यांची पूजा केली. उरलेलं, तेलात कालवलेलं कुंकू मी त्या ठोकळ्याला लावलं. छान दिसेल म्हणून. नंतर पुसलंही, हातानेच.

मी सगळं सांगितलं. रडू आलं, ते लपवलं नाही.

आबा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "ऊठ. हातमोजे घाल."

ठोकळा पुन्हा आत आणून धुतला, भट्टीत तापवून त्याला चिकटलेली वाफ घालवली, परत बसवला. विजेचा दाब एकदम दिला तर उरलासुरला मळ दगा देतो, म्हणून हजार-हजाराने चढवत गेलो. बारा हजार. पंधरा. वीस हजारावर काटा टेकला आणि तिथेच राहिला.

'टिटवी' निघाली.

"पुढचा ठोकळा उतरत्या बाजूंचा करू," आबा डोळे चोळत म्हणाले. "सुटलेले इलेक्ट्रॉन त्याच्यापासून लांब जातील. आकृती तू काढ."

मग रेडिओ लावून त्यांनी माइक माझ्याकडे सरकवला. मी आईला कुंकवाचं सांगितलं, काही न गाळता.

"यान निघालंय ना?" आईने विचारलं.

"हो."

"मग मी जरा झोपते गं आता."