बारा पाऊणे नऊ

बुधवार, सात जानेवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. कॉलेज रोडवरच्या एका छोट्या टूर ऑफिसचं काचेचं दार ढकलून एक तरुण आत आला, चपला काढाव्यात की नाही या विचारात क्षणभर थबकला आणि म्हणाला, "मला एक बेट पाहिजे."

"विकत?" काउंटरमागून योगिनीने विचारलं.

"भाड्याने. एका सकाळपुरतं."

ती हसली नाही. पण हातातलं पेन तिने खाली ठेवलं.

त्याचं नाव रोहित भोये, पेठ तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. बेट हवं होतं वडिलांसाठी. केरू भोयेंनी इगतपुरीकडच्या एका धरणावर चौतीस वर्षं होडी चालवली होती. समुद्र मात्र एकदाही पाहिला नव्हता.

"मग मुंबईला न्या की, सर."

"त्यांना होडीतून वाळूवर उतरायचंय. आणि मग उंचावर चढून बघायचंय."

"काय बघायचंय?"

"धरणावर कुठूनही पलीकडचा काठ दिसतो. ज्याला काठच नाही असं पाणी..." तो थोडा ओशाळला. "मार्चमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन आहे. नंतर किती चालता येईल, डॉक्टर सांगत नाहीत."

योगिनीने अंदमानचा नकाशा उघडला. मोठ्या बेटाजवळचं एक लहान बेट तिने बोटाने दाखवलं. जेट्टी नाही, होडी थेट वाळूला लागते, पण भरती असेल तरच. ओहोटीत प्रवाळाचे खडक उघडे पडतात आणि अर्धा किलोमीटर त्यांच्यावरून चालत जावं लागतं. किनाऱ्यामागे टेकडी, टेकडीवर बघायची जागा. एकशे वीस पायऱ्या, कठड्यासह.

"पायऱ्या बा चढेल. बसत बसत," रोहित म्हणाला. "खडकांवरून नाही जमणार."

"मग सगळं वेळेवर आहे. वेळ माझ्याकडे सोडा."

पुढच्या तीन आठवड्यांत रोहित चार वेळा आला. आधार कार्डाची प्रत द्यायला, ती पुसट आहे का विचारायला, वडील खिडकीशी बसतील हे सांगायला... चौथ्या वेळी स्ट्रॉबेरीचा खोका घेऊन.

"हे कशासाठी?"

"सुरगाण्याहून येताना दिसल्या."

"पेठहून नाशिकला येताना सुरगाणा लागतं?"

"आज लागलं."

त्या दिवशी तिने कार्यक्रमाचा कागद त्याच्या हातात दिला. शुक्रवार, तीस जानेवारी. होडी सकाळी नऊ वाजता.

"नऊच का?"

"त्या दिवशी द्वादशी. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते. बारा पाऊणे नऊ." तिथी तिला तोंडपाठ असायच्या, वडील रामकुंडावर पौरोहित्य करत. पाऊणकी आजोळची, दापोलीची. "आमच्या घरात हे चुकत नाही."

"तुमचं काही चुकतं का कधी?"

"शोधून बघा ना," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच धिटाईने कानापर्यंत लाल झाली.

गुरुवारी, एकोणतीस तारखेला, संध्याकाळी सहा वाजता ती पंचवटीतल्या घरी आईबरोबर मेथी निवडत होती. सहज म्हणाली, "उद्या नऊची भरती. भोये सरांचे वडील समुद्रात पाय घालतील."

"कुठे?"

"अंदमानला."

आईचा हात थांबला. "अगं, पाऊणकी आपल्या किनाऱ्याची! बंगालच्या उपसागराला कोण सांगायला गेलंय ती?"

योगिनीने फोनवर भरतीचं कोष्टक उघडलं. शुक्रवार, सकाळी सात. नऊला पोहोचणाऱ्या होडीला खडकच मिळणार होते.

रोहितचा फोन लागेना. मेसेजवर एकच खूण. लॉजवाल्याचा नंबर सारखा 'संपर्कक्षेत्राच्या बाहेर'. कोष्टक पाहायला दोन मिनिटं लागली असती, आणि तिने पाठांतरावर विसंबून एका माणसाची एकुलती एक सकाळ घालवली होती. रात्रभर तिला झोप लागली नाही.

शुक्रवारी आठ वीसला फोन वाजला.

"सर, नऊला जाऊ नका—"

"आम्ही टेकडीवर आहोत," रोहित म्हणाला. मागे वारा होता.

"कसं?"

"बाने. परवापासून पहाटे उठून पाण्याच्या कडेला खुंट्या ठोकतोय. धरणावरची सवय. म्हणाला, परवा साडेपाच, काल सव्वासहा, म्हंजे आज सात. पोरीच्या कागदात नऊ लिवलंय, पण पाणी सात म्हनतंय."

योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही. "तुम्ही लगेच ऐकलंत?"

"छे. भांडलो. म्हटलं, तिचं चुकत नाही." तो थांबला. "बा म्हणाला, चुकू दे की. चुकली तर काय, आवडायची थांबती का?"

तिने फोन कानाशी आणखी घट्ट धरला. नुसता वारा...

"थांबते का?" तिने हळूच विचारलं.

"नाही. मी तपासलं."

मागून खणखणीत आवाज आला, "इचार तिला, गंगेकाठची ना तू? मंग पान्यात चुकली कशी?"

"सांगा त्यांना, आमची गंगा म्हणजे गोदावरी, तिला भरती येत नाही." तिने डोळे पुसले. "काठ दिसतोय का त्यांना?"

रोहितने फोन वडिलांकडे दिला.

"नाय गं पोरी," केरू म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "कुठंच नाय. लय मोठं हाय हे."

त्यांचं विमान रविवारी दुपारी मुंबईत उतरणार आहे. तिथून थेट पंचवटीत येऊ का, बाला घेऊन, असं रोहितने विचारलं आणि योगिनीने होकार दिला. शुक्रवारी संध्याकाळी तिने वडिलांना सांगितलं, रविवारी दोन पाहुणे येतील. त्यांनी पंचांगातून मान वर केली.

"कोण? आणि किती वाजता?"

"पेठचे भोये सर आणि त्यांचे वडील. वेळ त्यांनाच विचारते. माझी चुकते."

वडिलांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग ते "बरं" म्हणाले, की त्यांनी नुसता घसा खाकरला, हे अजून स्पष्ट झालेलं नाही.