गैरहजेरीचा डबा

साताऱ्याच्या निवडुंगप्रेमी मंडळाच्या मासिक सभेला त्या रविवारीही सगळेच्या सगळे सभासद हजर होते. त्यांतल्या श्वास घेणाऱ्या दोघीच: अध्यक्ष शिवदेबाई आणि चिटणीस रेवती घाडगे. बाकीच्या खुर्च्यांवर पाटीएवढे पडदे उभे होते आणि पडद्यांवर सभासद जांभया देत होते. जांभयांमुळे सभा खरी वाटते, असं यंत्रणा विकणाऱ्याचं म्हणणं होतं. ते खोटं नव्हतं.

मंडळाने सभासदांना अधिक चांगली सेवा कशी द्यावी, हे रेवतीनेच सगळ्यांना विचारलं होतं. बहुतेकांनी कळवलं, ‘सभेला यावं लागू नये.’ म्हणून प्रतिसभासद आले. जुन्या सभांची चित्रणं आणि ग्रुपवरचे संदेश चघळून यंत्रणा प्रत्येकाची हुबेहूब नक्कल बनवायची. नक्कल वेळेवर यायची, वाद घालायची, मत द्यायची. सभासद घरी लोळत राहायचे.

त्याआधी मंडळाची एक कटकटीची चाल होती. जो सभेला आला नाही, त्याच्या वाटणीचा फराळ डब्यात भरून कुणीतरी त्याच्या घरी न्यायचा आणि त्याच्याच हातात द्यायचा. आतून शिव्या आल्या तरी चालतील. आता गैरहजर कुणी राहतच नसल्याने डबा कपाटात गेला होता.

“चहात पाणी जास्त आणि सभेत मुद्दा कमी,” पडद्यावरचे पिसाळकाका म्हणाले. काका एसटीतून निवृत्त झालेले, घरी एकटे.

“काका, तुम्हाला चहा दिलेलाच नाही,” रेवती म्हणाली.

“म्हणूनच बोलतोय!”

“अगदी काकाच गं,” शिवदेबाई कौतुकाने म्हणाल्या. “काका, तुमचं ब्रह्मकमळ फुललं का हो?”

ब्रह्मकमळ हाही निवडुंगच, हे काका भेटेल त्याला ऐकवायचे आणि ते फुललं की अख्ख्या मंडळाला घरी बोलवायचे.

“कळ्या आल्यात. या आठवड्यात फोन करतो. सगळ्यांनी यायचं!”

इतिवृत्त लिहिणारा रेवतीचा हात थांबला. मागच्या सभेतही कळ्याच आल्या होत्या. त्याच्या आदल्या सभेतही. कळी एक तर फुलते, नाहीतर गळते; महिनोन् महिने ताटकळत बसत नाही.

तिने कपाटातून डबा काढला, त्यात उपमा भरला.

“कुठं निघालीस?” शिवदेबाईंनी विचारलं.

“काकांकडे.”

“अगं, काका इथं बसलेत.”

“जाऊ द्या तिला,” पडदा म्हणाला. “माझ्याकडे निदान चहा तरी दाट मिळेल.”

दार फोडावं लागलं. काका गॅलरीत कुंड्यांमध्ये पडले होते. जाऊन बरेच दिवस झाले होते. भोवतीचे निवडुंग मात्र टवटवीत होते. त्यांना कुणी लागत नाही. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलंय, लगेच गेले नसावेत. दोन-तीन दिवस हाका मारल्या असतील.

“शेवटचे कधी दिसले होते?” हवालदाराने विचारलं.

“आज. निघताना बोलले माझ्याशी.”

हवालदाराने तिच्याकडे पाहिलं आणि तिला आधी पाणी दिलं.

शोकसभेला काका हजर होते. त्यांनी स्वतःच्या दुखवट्याच्या ठरावाला अनुमोदन दिलं, वर भाषणं लांबल्याची तक्रार केली. रेवतीने ठराव मांडला: प्रतिसभासद बंद करावेत, डबा पुन्हा सुरू करावा. सगळे पडदे विरोधात गेले. सभासदांची गैरसोय होईल, असं त्यांचं मत पडलं. काकांचंही.

“बहुमत आहे बाई, मी काय करू?” शिवदेबाई म्हणाल्या. मग नवी सोय मंजूर झाली: यापुढे सभासदाच्या घरचा फोन आणि दारावरची बेल यांनाही प्रतिसभासदच उत्तर देणार. तेवढाच सभासदांना आराम.

पुढच्या सभेला रेवती मुद्दाम गेली नाही. तिने उपमा केला, दोन बशा मांडल्या आणि दाराकडे बघत बसली. शिवदेबाई तरी येतील. त्या तरी विचारतील.

संध्याकाळ झाली, तरी कुणी आलं नाही. शेवटी तिनेच फोन लावला.

“बाई, मी आज सभेला नव्हते.”

“चेष्टा करतेस? माझ्यासमोर तर बसली होतीस. आभारही तूच मानलेस.”

रेवतीची नक्कल बनवायची का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग तिला काहीतरी आठवलं.

“बाई, काकांच्या ब्रह्मकमळाचं पान तुम्ही नेलं होतंत ना, मागच्याच आठवड्यात? लागलं का ते?”

“लागलं म्हणजे! कळ्या आल्यात. या आठवड्यात फोन करते. सगळ्यांनी यायचं!”

आठवड्यात पानाला मूळसुद्धा फुटत नाही.

रेवतीने दुसरी बशी डब्यात रिकामी केली आणि ती पळत सुटली. शिवदेबाईंच्या दारावरची बेल तिने दाबली, पुन्हा दाबली.

“आले, आले!” आतून बाईंचा आवाज आला. ठणठणीत, हसरा.

रेवतीने दाराला कान लावला. आवाजामागून पावलं येत होती का?