पाच जीबीचा कप्पा

लॅपटॉप सुरू व्हायचा, दहा-बारा मिनिटं शहाण्यासारखा चालायचा आणि मग एकदम बंद पडायचा. ना आवाज, ना सूचना. का, ते कुणालाच कळत नव्हतं.

सन २०४६ मधली ही गोष्ट. लोणारच्या विवराच्या काठावर एक छोटं निरीक्षण केंद्र होतं आणि वेणूचे बाबा, दिगंबर मापारी, तिथले एकमेव शास्त्रज्ञ होते. तळ्यात तरंगणारं एक मोजणीयंत्र दर तासाला पाण्याचा खारेपणा मोजायचं. त्याच्या पोटात दहाच दिवसांच्या नोंदी मावत. अकराव्या दिवशी नवी नोंद सर्वांत जुनीला पुसून तिच्या जागी बसे. त्या जुनाट यंत्राची भाषा समजणारा हा एकच लॅपटॉप आता उरला होता. एकोणीस वर्षांत बाबांची एकही नोंद बुडाली नव्हती. सगळ्या नोंदी उतरायला अर्ध्या तासाहून जास्त सलग वेळ लागे, आणि आज दहावा दिवस होता.

सकाळीच पारखी आला. पारखी म्हणजे तालुक्याचा दुरुस्तीवाला यंत्रमानव. उंचीला बारा वर्षांच्या वेणूएवढा आणि बोलायला फटकळ.

"काय दुखतंय ते लॅपटॉपलाच विचार ना," वेणू म्हणाली.

"आजारी माणसालाच डॉक्टर करायचं का, वेणूताई?" पारखीने स्क्रू काढता काढता विचारलं. "पडद्यावर दिसते ती ऑपरेटिंग सिस्टीम (सगळी कामं वाटून देणारा मुख्य प्रोग्राम) याच सुट्या भागांवर चालते. भागच बिघडले असतील तर तिचं सांगणं खरं कशावरून? म्हणून ती जागी होण्याआधीच तपासणी करायची. बटण दाबलं की सर्वांत आधी उठतं ते फर्मवेअर (चिपमध्ये लिहून ठेवलेला छोटा प्रोग्राम). ते तपासणीचं साधन चालवतं, आणि ते साधन एकेका भागाला स्वतः हलवून बघतं."

पण त्याने तपासणीची कळ दाबली तर पडद्यावर उमटलं: 'तपासणी साधन सापडले नाही.'

"सापडत नाही, तर बसवू," पारखी म्हणाला. त्याने नेटवरून साधन उतरवून घेतलं. पडद्यावरची पट्टी शेवटपर्यंत सरकली आणि अक्षरं आली: 'बसवता आले नाही.'

"आता एकेक शंका फेडायची. साधन दुसऱ्याच मॉडेलचं आहे का? नाही. अर्धवट उतरलंय का? त्याची खूणसंख्या (फाइल पूर्ण आहे हे ओळखायचा आकडा) जुळते. चार्जर लावलेला आहे. पेनड्राइव्हवरून चालवलं असतं, पण खाऱ्या हवेनं पोर्ट खाऊन टाकलेत." तो थांबला. "म्हणजे प्रश्न जागेचा. फर्मवेअर फार साधं असतं, त्याला डिस्कवरचे गुंतागुंतीचे कप्पे वाचता येत नाहीत. त्याच्यासाठी सोप्या पद्धतीनं आखलेला, ठरलेल्या नावाचा एक छोटा कप्पा राखलेला असतो. साधन तिथे राहतं. इथे त्या जागी भलताच कप्पा आहे. पाच जीबी. नाव 'जुन्या नोंदी'. त्याला पासवर्डही आहे."

वेणूच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

बाबा पुढे वाकले. "जुन्या नोंदी? हा मी केला?"

"तुमचाच लॅपटॉप आहे, साहेब. पासवर्ड सांगा."

बाबांनी एक पासवर्ड टाकला, मग दुसरा, मग वेणूच्या जन्माची तारीख. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर त्यांना अधूनमधून शब्द सापडत नसत. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या म्हटलं होतं आणि बाबा ती पुढे ढकलत होते.

"नाही आठवत," ते म्हणाले. "हे केल्याचंच आठवत नाही."

"नोंदी आहेत म्हणजे मी पुसणार नाही," पारखी म्हणाला. "दुसरा उपाय, साधन चिपमध्येच बसवायचं. त्यासाठी फर्मवेअर नव्यानं लिहावं लागेल. नऊ मिनिटं लागतात. हा लॅपटॉप कधी बारा मिनिटं टिकतो, कधी आठ. लिहिता लिहिता बंद पडला, तर पुन्हा उठणार नाही."

"लिही," बाबा म्हणाले. "आणि हे झालं की मी वरच्या ऑफिसला पत्र टाकतो. दुसरा माणूस पाठवा म्हणतो. ज्याला आपण काय केलं तेच आठवत नाही, त्याच्या नोंदींवर कुणी का भरवसा ठेवावा?"

वेणू फरशीकडे बघत होती. दिवाळीच्या सुट्टीत तिला खेळासाठी जागा हवी होती. एक अनोळखी नावाचा कप्पा बिनकामाचा पडलाय असं समजून तिने तो पुसला, तिथे आपला खेळ ठेवला आणि बाबांनी उघडू नये म्हणून वर नाव दिलं 'जुन्या नोंदी'. बाबा जुन्या नोंदींना कधी हात लावत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा तिला ही केवढी हुशारी वाटली होती!

पारखीचं बोट बटणाकडे गेलं.

"थांब!" तिचा आवाज चिरकला. "त्यात नोंदी नाहीत. खेळ आहे. माझा. नावही मीच दिलं."

"पासवर्ड?" पारखीने विचारलं.

"झिपरी७."

"वा! आमच्या साहेबांना जन्मात सुचला नसता."

कुणी हसलं नाही. वेणूने स्वतःच्या हाताने पासवर्ड टाकला आणि खेळ पुसला. पारखीने ती जागा सोप्या पद्धतीनं आखली, तिला ठरलेलं नाव दिलं आणि साधन बसवलं. या वेळी पट्टीखाली आलं: 'बसवले.' लॅपटॉप पुन्हा सुरू करून त्याने कळ दाबली. मेमरी ठीक. डिस्क ठीक. बॅटरी ठीक. पंखा: फिरत नाही.

"घ्या!" पारखीने पंखा बाहेर काढला. पात्यांवर मिठाचे पांढरे थर होते. "पंखा अडला, आतली चिप तापली. फार तापलं की जळायच्या आधी यंत्र स्वतःच बंद पडतं. शहाणपणच आहे ते."

ब्रशनं पंखा साफ झाला. अर्धा तास उलटला तरी लॅपटॉप चालूच होता आणि तळ्यातून दहा दिवसांच्या नोंदी एकामागून एक उतरत होत्या.

पारखी गेल्यावर खोलीत पंख्याची बारीक घरघर तेवढी राहिली. वेणू दारापाशी उभी होती. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाबा, मी... तुम्ही पासवर्ड आठवत होता तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हो," बाबा म्हणाले. "तेवढ्या वेळात मी पार घाबरून गेलो होतो, वेणू."

तिच्याने वर बघवेना. बाबांनी शेजारची खुर्ची ओढली.

"सोमवारी मी ती स्मरणशक्तीची तपासणी करून घेतो. ते विचारतील, काय काय विसरता? आता विसरणाऱ्याला ते कसं सांगता येणार? बाहेरून बघणारं कुणीतरी बरोबर हवं. तू येशील?"

"मी?" वेणूने विचारलं. "माझ्यावर विश्वास ठेवाल?"

"सगळं सांगायचं. मला वाईट वाटेल तेसुद्धा."

वेणू खुर्चीच्या कडेवर बसली. "काल तुम्ही दोनदा चहा ठेवलात," ती अगदी हळू म्हणाली. "दुसरा मी ओतून टाकला. तुम्हाला सांगितलं नाही."

बाबांनी मान हलवली आणि टेबलावरचा एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "लिही. पहिली नोंद."