राखणदाराच्या वाहणा

जग हे आता एक खेडे झाले आहे आणि या खेड्याचे सुखदुःख ते आपणा सर्वांचे सुखदुःख आहे. हे वाक्य मधुकरने धीरगंभीर आवाजात चार वेळा म्हटले आणि चारही वेळा ते फुकट गेले. पहिल्यांदा खालून पाव विकणारा पोदेर भोंपू वाजवत सायकलवरून गेला. दुसऱ्यांदा बेकरीच्या दारात पाव कालचे आहेत म्हणून कोणीतरी भांडण काढले. तिसऱ्यांदा ध्वनिमुद्रण करणारा महादेव स्वतःच शिंकला. चौथ्या वेळी सगळे शांत होते, तेव्हा मधुकरच अडखळला. तो स्वतः खेड्यातला. खेड्यात कोणाच्या चुलीवर काय शिजते ते सगळ्यांना ठाऊक असते. जगाला त्याचे लाटंबार्से ठाऊक असल्याची कसलीही खूण त्याला आजवर दिसली नव्हती.

"वाच रे," महादेव म्हणाला. "वाचणाऱ्याक पटूंक जाय असो काय नियम ना."

महादेवचा डिचोलीच्या बाजारात, बेकरीच्या माडीवर, लग्नाच्या व्हिडिओचा धंदा होता. मागच्या खोलीत भिंतींना कापसाच्या गाद्या टांगल्या की तिचा स्टुडिओ होई. जगापुढील आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणाच्या प्रश्नांवरची एक मोठी परदेशी मालिका मराठीत आणायचे मुंबईच्या एका कंपनीने ठरवले होते. मुंबईतले आवाज परवडेनात, म्हणून जगाचे प्रश्न डिचोलीला आले. मधुकरची पात्रता दुहेरी होती. तो अर्थशास्त्राचा बी. ए. होता आणि गावच्या जत्रेतल्या नाटकांत वीसेक वर्षे राजे करत होता. पोटासाठी तो लोखंडाच्या खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होता. पण खाणी बंद पडल्या, काटा गंजला आणि राजेपणाला पगार नसतो.

"मधू, हो कोळसो," महादेव अधूनमधून बजावी. "राज्याभिषेक न्हय."

पंखा लावायची सोय नव्हती, कारण त्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येई. दुपारच्या त्या उकाड्यात, गाद्यांच्या पोटात बसून, मधुकर पडद्याकडे बघत बोलत राही. खालून भाजत्या पावाचा वास जिन्याने वर येई. पडद्यावर हिमनग कडाडून समुद्रात पडत, नद्यांतली वाळू चोरीला जाई, कापूस पिकवणारी माणसे कॅमेऱ्याकडे न बघता बोलत, आणि या सगळ्याला गरम पावाचा वास असे. हळूहळू त्याला वाटू लागले की बाहेर जग म्हणून काही नाहीच. जे काय आहे ते या गाद्यांच्या आत आहे आणि आपण थांबलो की तेही थांबते. मग महादेव घोरू लागे, आणि ते वाक्य पुन्हा घ्यावे लागे.

संध्याकाळी घरी आला की त्याची आई, पार्वती, सोप्यावरूनच विचारी, "आज खंय बुडला?"

"बांगलादेश."

"अरे रे. जेवलंस?"

ती स्वतः मात्र जेवत नव्हती. घरातली खरी काळजी ती होती, जगाची त्यानंतर.

त्यांच्या घरामागे पूर्वी डोंगर होता. तो मधुकरच्या डोळ्यांदेखत, टिपरमागून टिपर, काट्यावरून गेला. नदीवर जाऊन बार्जमध्ये बसला, बार्जमधून मोठ्या जहाजात चढला आणि चीनला गेला. गावातून इतका लांबचा प्रवास आजवर कोणी केला नव्हता. त्याच्या जागी आता खोल खड्डा आहे आणि खड्ड्यात हिरवे, अगदी स्वस्थ पाणी. त्या पाण्यात वाकून पाहिले तर आभाळ दिसते, पण ते वरच्या आभाळापेक्षा थोडे जुने वाटते.

या डोंगराला राखणदार होता. तो रोज डोंगराला फेरी घालतो, हातातल्या काठीला घुंगूर आहेत, असे गाव मानत आले. खाणीचा मालक आणि डोंगराचा राखणदार, दोघांनाही कोणी पाहिले नव्हते. फरक इतकाच की राखणदार जागेवर असे. त्याला वाहणा देण्याचा मान मधुकरच्या घराकडे होता. भात घरात आले की बांद्याच्या शंभूकडून, कोणाच्याच पायाला होणार नाहीत अशा मोठ्या चामडी वाहणा शिवून आणायच्या, पायथ्याच्या धोंड्यावर ठेवायच्या आणि गेल्या वर्षीचा जोड परत घ्यायचा. तो झिजलेला असे. डाव्या वाहणेची टाच, बाहेरच्या अंगाने, दर वर्षी तशीच. कॉलेजात असताना मधुकरने आईला समजावले होते की हे काम ओलीचे, उंदरांचे किंवा एखाद्या गुराख्याचे.

"तर मग उंदराचो डावो पाय लंगडो आसतलो," पार्वती म्हणाली होती.

डोंगर गेला, धोंडा मात्र खड्ड्याच्या काठावर राहिला. पार्वती वाहणा ठेवत राहिली. पण त्या झिजेनात. वर्षभराने परत आणावा तर जोड नवाकोरा, तेलाचा वाससुद्धा तसाच. असे न झिजलेले जोड तिच्या बाजेखाली ओळीने मांडलेले होते. तिने देवळात कौल लावला. तो आहे की नाही, एवढेच विचारले. ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकही पडली नाही. दुसऱ्या दिवशी त्या सुकून देवालाच चिकटलेल्या सापडल्या.

"मेलो जाल्यार सुतक तरी धरीन," ती म्हणे. "पण कळूंक नको? जन्मभर ज्याका वाहणा दिल्यो, तो खंय आसा ता माहीत नसताना घास कसो गिळू?"

आधी तिने रात्रीचे जेवण सोडले, मग सकाळची पेज. डिचोलीच्या डॉक्टरने सगळ्या तपासण्या करून वय झाले असे निदान केले. पार्वतीचे मनगट मधुकरच्या हातात आता पाव मोडावा तसे हलके लागे, आणि तो जगातल्या कुपोषणाचे आकडे खणखणीत आवाजात वाचून घरी परतत असे.

जहाजांचा भाग आला तेव्हा ती गोष्ट पहिल्यांदा घडली. समुद्रावरून जग कसे चालते, असा विषय होता. एक प्रचंड मालवाहू जहाज धुक्यातून जात होते आणि एक खलाशी काहीच न बोलता धूर सोडत होता. महादेवने कानांवरचे यंत्र काढले, पुसले, परत लावले.

"मधू, तू खिशात चिल्लर घेऊन बसलंस?"

"ना."

"मग ह्या काय वाजता?"

मधुकरने ऐकले. लाटांच्या आवाजाखाली, इंजिनाच्या घरघरीखाली, कुठेतरी घुंगूर वाजत होते. थोडे वाजत, थांबत, परत वाजत. चालताना काठी टेकावी, तसे.

"मूळ फितीतलाच आसा," महादेव म्हणाला. "जहाजार बैलगाडी चढयली की काय यांनी?" त्याने तो आवाज कापून टाकला. त्या दुपारी पाव करपला. खाली बेकरीवाला ओरडत होता, तेही थोडेसे ध्वनिमुद्रणात आले.

त्यानंतरचा भाग लोखंडाचा होता.

पडद्यावर चीनमधले एक बंदर होते. नावाचा उच्चार कोणालाच जमला नाही, म्हणून 'एक उत्तरेकडील बंदर' असे करण्यात आले. बर्फ पडत होता. पांढऱ्या, सपाट, न संपणाऱ्या त्या धक्क्याच्या टोकाला मातीचा एक ढीग उभा होता. लाल.

मधुकरने तो लाल रंग ओळखला. त्याचे सदरे त्या रंगातून कधीच बाहेर आले नव्हते.

ढिगाजवळ कानटोपी घातलेला एक म्हातारा पहारेकरी उभा होता. त्याचे बोलणे मधुकरनेच म्हणायचे होते. मजकूर मुंबईहून टंकलिखित होऊन आलेला होता. त्याने वाचायला सुरुवात केली.

"हा माल हलका आहे. भाव पडल्यावर कोणी नेला नाही. मी इथे राखण करतो. खरे सांगायचे तर माझी गरज नाही. हा ढीग आल्यापासून इथे चोरी झालेली नाही. कुत्री या बाजूला येतात आणि गप्प बसतात."

महादेव यंत्रावर वाकला होता. घुंगूर परत वाजू लागले होते, या वेळी जवळून.

"रोज सकाळी ढिगाभोवती नवी पावले असतात," मधुकरने वाचले. "कोणीतरी फेरी घालते. मी पाहिलेले नाही. पण तो अनवाणी आहे. बर्फातसुद्धा अनवाणी. मी माझे जुने बूट ठेवून पाहिले. त्याला ते लहान होतात."

कॅमेरा वर गेला. ढिगाभोवती, बर्फात, तुडवून तुडवून काळी पडलेली वाट होती. पहारेकऱ्याने उकिडवे बसून एका पावलावर हात ठेवला. डावे पाऊल. बाहेरच्या अंगाने खोल.

मग एका विद्यापीठातले तज्ज्ञ आले आणि जागतिक मागणी घटली आहे, असे म्हणाले.

"मस्त जाला," महादेव म्हणाला. "आज तू राजासारखो बोलूंक नाय. फक्त ती घुंगरां काढतंय."

मधुकर घरी गेला. आईने विचारले, आज खंय. तो म्हणाला, चीन. एखाद्या बी. ए. झालेल्या माणसाने काय बोलावे याचा त्याने बसमध्ये विचार केला होता आणि काही सुचले नव्हते.

मालिका रविवारी दुपारी लागे. पार्वती ती मुलाच्या आवाजासाठी लावी. डोळे बहुधा मिटलेले असत. लोखंडाच्या भागाला ती बाजेवर पडून ऐकत होती. बाहेर ऊन कडक होते, परसातल्या केळी हलत नव्हत्या. दूरचित्रवाणीवर बर्फ पडू लागला. घुंगरांचा आवाज महादेवने कापला होता. तो नव्हताच, हे मधुकरला पक्के ठाऊक होते. तरी नेमक्या त्या ठिकाणी तिने मान वळवली आणि कान दिला.

"तो अनवाणी आहे," चिनी म्हातारा तिच्या मुलाच्या आवाजात म्हणाला.

पार्वती उठून बसली. पडद्यावरचे पाऊल तिने पाहिले. कार्यक्रम संपून साबणाची जाहिरात लागली तरी ती बघत होती.

"थंय थंडी आसता?"

"बर्फ पडता, आई."

"आणि ह्यो हांगा पडल्यो," ती म्हणाली, आणि वाकून बाजेखालून एक जोड ओढला.

मधुकरने वाद घातला नाही. तज्ज्ञांची बाजू त्याला पाठ होती, पण आईने त्या दिवशी कित्येक दिवसांनी स्वतःहून काहीतरी उचलले होते. त्या बंदराचा पत्ता महादेवने मुंबईच्या कंपनीकडून काढला. कशाला हवा ते विचारले, आणि उत्तर ऐकून, "बरा, बरा," एवढेच म्हणून तो पाव आणायला खाली गेला. पार्वतीने वाहणा पांढऱ्या मांजरपाटात शिवल्या. गोधडीला घालते तसा दुहेरी टाका, दर चार टाक्यांनी गाठ. तिच्या हाताचा टाका वाडीत कोणीही ओळखला असता.

डिचोलीच्या टपाल कचेरीत खिडकीपलीकडे सुमन होती. शाळेत मधुकरच्या मागच्या बाकावर बसायची.

"चिनाक वाहणा?" ती म्हणाली. "मधुकर, थंयसूनच येतात मरे सगळ्यो."

"ह्यो थंय मेळनात."

"घेणाऱ्याचें नाव?"

त्याने जरा विचार केला. "राखणदार."

"वॉचमन," तिने लिहिले. "नवीन की वापरिल्ल्यो?"

"नवीन."

तिने शिवणीवर लाखेची मोहोर मारली. त्या दुपारी पार्वतीने उकड्या तांदळाचा भात मागितला आणि त्यावर हुमण. मासा लहान आहे म्हणून सुनावलेसुद्धा. पुढच्या महिन्यांत तिच्या अंगावर मांस धरले. राखणदार चीनला असल्याचे ती वाडीभर फिरून सांगत असे, गावचा मुलगा आखातात गेलेला सांगावा तसे. मधुकरने उरलेले भाग संपवले: पाणी, कचरा, निर्वासित. घुंगूर परत वाजले नाहीत.

पुढच्या वर्षी भात घरात येत होते तेव्हा पोस्टमन पार्सल परत घेऊन आला.

पार्वती सोप्यावर बसली होती. पार्सल तिने मांडीवर घेतले आणि आंधळ्या माणसासारखा त्यावरून हात फिरवला.

टाके तिचेच होते. गाठीही तिच्याच. लाख कुठे तडकलीही नव्हती.

मधुकरने विळीने शिवण उसवली.

वाहणा झिजलेल्या होत्या.

तळव्याचे चामडे पातळ होऊन पलीकडचा उजेड दिसत होता. डावी टाच बाहेरच्या अंगाने पार गेलेली. टाचेच्या फटीत लाल माती होती, ओली.

घरामागून, खड्ड्याच्या बाजूने, कुठे पाखरूही ओरडत नव्हते.

पार्वतीने दोन्ही वाहणा उलटून पाहिल्या. ताट स्वच्छ करून उठलेल्या पाहुण्याकडे बघावे तसे समाधान तिच्या तोंडावर होते.

"बरो चल्लो," ती म्हणाली. "शंभूक सांग, यंदा तळ जाड घाल. थंय वाट कडक आसा."

ती जोड घेऊन आत गेली. मधुकर उसवलेल्या कापडाची घडी घालू लागला. तेव्हा त्याला मागच्या बाजूला डकवलेली इंग्रजी चिठ्ठी दिसली. घेणाऱ्याचे नाव म्हणून हुद्दा लिहिलेला चालत नाही, असे तिच्यात म्हटले होते. पार्सल मुंबईच्या पुढे गेलेच नव्हते.